रुळांच्या आधीचा साहेब

राजुरात दोन रंगांची धूळ असते. चुनाभट्ट्यांकडून वारं सुटलं की पांढरी आणि कोळशाच्या सायडिंगकडून सुटलं की काळी. धुणं वाळत घालण्याआधी आई बादली अंगणात ठेवून जराशी थांबायची, पदर कुठल्या बाजूला उडतो ते बघायची आणि दोरीवर आधी बाबांची खाकी पँट जाणार की आमचे शाळेचे पांढरे शर्ट, ते ठरवायची. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. चुकला तर शर्टांवर काळे ठिपके घेऊन आम्ही शाळेत जायचो. वर्गात सगळ्यांच्याच अंगावर ते असल्यामुळे कोणी कोणाला हसत नसे.

आम्हा पोरांचा खेळ डबे मोजायचा. माजरीहून वणीवरून आलेला हा रेल्वेचा फाटा. रिकामी रॅक येताना खडखडत यायची, कोसभर अलीकडून ऐकू यायची. भरून परत निघाली की आवाज दबायचा आणि ती कानापेक्षा तळपायालाच आधी कळायची. डबे अठ्ठावन्न की एकोणसाठ, यावर मारामाऱ्या झालेल्या आहेत. पण ही गाडी आपल्या गावापर्यंत आणायचं पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. ती होतीच, जशी निर्गुडा नदी होती आणि जसं ऊन होतं.

गेल्या पावसाळ्यात गावी गेलो तेव्हा फाटक लागलेलं. शेजारी सायकल टेकवून काका उभे. सख्खे नव्हेत, गल्लीतले. भूमिगत खाणीत तीस-पस्तीस वर्षं काढलेले.

"या दिवाळीले कोनावर लिहून राहिला रे?"

"एका इंग्रजावर, काका. रेल्वे कंपनीचा माणूस होता."

"मंग तो इकडं आलता का, राजूरले?"

"नाही. तो इकडे कधी आलाच नाही."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच विषय सोडून द्यावासा वाटला. पण रॅक लांब होती आणि फाटक उघडायला वेळ होता. म्हणून मी सांगायला लागलो. त्यांना थोडक्यात सांगितलं, इथे सविस्तर सांगतो.

त्याचं नाव जॉन चॅपमन. ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला आपली आजी-आजोबांची पिढी 'जीआयपी' म्हणायची, ती कंपनी उभी करणारा आणि तिचा पहिला व्यवस्थापक. शाळेच्या पुस्तकात १६ एप्रिल १८५३ ही तारीख असते, बोरीबंदर ते ठाणे हे अंतर असतं, लॉर्ड डलहौसी असतो आणि चांगलं पुस्तक असलं तर नाना शंकरशेट असतात. चॅपमन नसतो. पुढे या कंपनीचे चेअरमन झालेल्यांना मान मिळाला, डायरेक्टरांच्या नावापुढे पदव्या लागल्या. कंपनी कागदावरसुद्धा नव्हती तेव्हा तिच्यासाठी दारोदार फिरणारा मात्र हा एका घड्याळजीचा मुलगा होता.

इंग्लंडच्या मध्यभागी लेस्टरशायरमध्ये लफबरो नावाचं गाव आहे. १८०१ साली चॅपमन तिथे जन्मला. गाव लेसचं. लेस म्हणजे सुती धाग्याची जाळी. आधी बायका हाताने विणायच्या, मग जॉन हीथकोट नावाच्या माणसाने ती विणणारं यंत्र काढलं आणि लफबरोत कारखाना घातला. १८१६च्या जूनमध्ये एका रात्री यंत्रफोडे लुडाइट कारखान्यात घुसले आणि त्यांनी पंचावन्न यंत्रं फोडली. हीथकोटने गाशा गुंडाळून दूर डेव्हनमध्ये टिव्हर्टन गाठलं. चॅपमन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. यंत्र आलं की काय होतं आणि गेलं की काय होतं, हे दोन्ही त्याने आपल्या गल्लीत पाहिलं असणार.

शिक्षण जेमतेम. पण घड्याळजीच्या घरात बारीक काम आणि गणित अंगवळणी पडतं. भाषा तो स्वतःच शिकला. बॅप्टिस्ट पंथाचा, रविवारी मुलांना शिकवणारा. १८२४ साली लेसच्या एका कारखानदाराच्या मुलीशी लग्न करून तो सासऱ्याच्या धंद्यात शिरला. वेळ मोहाची होती. हीथकोटच्या पेटंटची मुदत आदल्याच वर्षी संपली होती आणि सगळा मुलूख लेसच्या यंत्रांमागे लागला होता. शिंपी, खाटीक, शेतकरी, जो तो कर्ज काढून यंत्र विकत घेत होता. वणी भागातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कोळशाची वाहतूक तेजीत असताना आपल्याकडे कोणी कोणी शेत गहाण टाकून टिप्पर घेतले, ते आठवावं. दोन-तीन वर्षांत लेसचे भाव कोसळले. चॅपमनने भावाबरोबर यंत्रं बनवायचा धंदा धरला. गिऱ्हाईक फ्रान्समध्ये होतं आणि यंत्रं देशाबाहेर पाठवायला कायद्याने बंदी. १८३४ साली सगळं बुडालं. वय तेहेतीस, पदरी संसार आणि बुडीत नाव घेऊन तो लंडनला आला.

(याच लफबरोला १८४१ साली थॉमस कुकने लेस्टरहून आगगाडीने आपली पहिली सहल नेली. आज केसरी-वीणावाले आपल्याला युरोप दाखवतात, त्या धंद्याचा नारळ फुटला तो चॅपमनच्या गावी. तो तेव्हा गाव सोडून गेलेला होता. या माणसाचं टायमिंग जन्मभर असंच.)

लंडनमध्ये त्याने गणिताच्या शिकवण्या केल्या, तंत्रविषयक मासिकात काम केलं आणि एका घोडागाडीच्या कंपनीत सेक्रेटरी झाला. शेरलॉक होम्स मराठीत वाचलेल्या प्रत्येकाला ही गाडी माहीत आहे. दोन चाकांची, प्रवासी पुढे आणि गाडीवान मागे उंचावर, छपरावरून लगाम धरलेला. ती 'हॅन्सम'. जोसेफ हॅन्समने १८३४ला तिचं पेटंट घेतलं, पण त्याची मूळ गाडी अवजड आणि बेढब होती. लंडनच्या रस्त्यांवर धावली ती गाडी चॅपमनने सुधारलेली, १८३६ साली पेटंट घेतलेली. गाडीवानाला मागे नेऊन तोल साधायची युक्ती त्याची, नाव मात्र हॅन्समचं राहिलं. ही पहिली खेप.

१८४०च्या सुमारास हिंदुस्थान त्याच्या डोक्यात शिरला. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत त्याच्या खेपा सुरू झाल्या. याच वर्षांत त्याच कचेरीच्या पायऱ्या आणखी एक माणूस झिजवत होता. साताऱ्याच्या पदच्युत छत्रपती प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४०पासून १८५३पर्यंत लंडनमध्ये ठाण मांडून होते. एक आपल्या राजाचं राज्य परत मागत होता, दुसरा त्याच कंपनीकडे लोखंडी रस्त्याची परवानगी. दोघे कधी एका बाकावर बसले असतील का, मला ठाऊक नाही. बसले असते तर कारकुनांच्या टोलवाटोलवीवर दोघांचं चटकन एकमत झालं असतं. रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले आणि १८५७च्या धामधुमीत नाहीसे झाले. चॅपमनला परवानगी मिळाली, पण त्याआधी त्याने केलेलं काम सांगायला हवं. माझ्या मते त्याच्या सगळ्या उद्योगांत तेच खरं मोलाचं आहे.

प्रश्न कापसाचा होता. मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकन कापसावर चालत. अमेरिकन कापूस गुलामांच्या घामावर पिके आणि पीक बुडालं की गिरण्या थांबत, जसं १८४६ला झालं. हिंदुस्थानात कापूस मुबलक, मग तो का येत नाही? मँचेस्टरचं उत्तर ठरलेलं: तिथला शेतकरी आळशी, अडाणी; कापूस आखूड, घाणेरडा, पानाकचऱ्याने भरलेला. त्याला शिकवायला १८४०मध्ये कंपनी सरकारने अमेरिकेहून मळेवाले बोलावून आणले. धारवाड भाग सोडला तर त्यातून फारसं काही निघालं नाही. चॅपमनने उलट बाजूने हिशेब मांडला. कापूस शेतातून निघतो तेव्हा काय असतो आणि मुंबईच्या बंदरात पोचतो तेव्हा काय होतो? मधल्या वाटेवर त्याचं काय होतं?

मधली वाट बंजाऱ्यांची होती. यवतमाळ जिल्ह्यात बंजारा समाजाबद्दल लिहिताना माझा हात जरा जपून चालतो, कारण शाळेतले निम्मे दोस्त तांड्यावरचे होते आणि त्यांच्या आज्यांनी आम्हाला भाकरी घातलेली आहे. त्या आज्यांच्या बोलण्यात 'लदेणी' हा शब्द यायचा. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांड्याने देशभर करायचा व्यापार. शेकडो, कधी हजारो बैल, पुढे नायक. बायकापोरं, कुत्री, तवे, सगळा संसार सोबत. जाताना धान्य नाहीतर कापूस, येताना किनाऱ्यावरचं मीठ. सैन्यांना रसद पुरवणारे हेच, दुष्काळात धान्य पोचवणारेही हेच.

वऱ्हाडचा कापूस पूर्वी मुंबईला जातच नसे. तो बैलांवर लादून पाचशे मैल उत्तरेला गंगाकाठच्या मिर्झापूरला आणि तिथून नावेने कलकत्त्याला. विकाजी आणि पेस्तनजी या पारशी पेढीने १८२५-२६ मध्ये पहिल्यांदा वऱ्हाडातून थेट मुंबईला कापूस धाडला: ५०० बैल, १,२०,००० रत्तल. भागाकार करा, एका बैलामागे २४० रत्तल. दोन बाजूंना दोन गोण्या. बैल दिवसाला पाच-सहा कोस चालणार. मुक्कामाला गोण्या उतरवायच्या, मातीत ठेवायच्या, सकाळी पुन्हा लादायच्या. मागचा बैल पुढच्याच्या गोणीतला कापूस ओढून खाणार. पाणी कमी पडलं की जनावर मरणार. मृगाचा पाऊस अंगावर आला की वाट चिखलात जाणार आणि कापूस भिजणार. शेतात पांढराशुभ्र वेचलेला कापूस बंदरात पोचेपर्यंत मातकट झालेला आणि वाहणावळीनेच त्याची किंमत चढलेली. मँचेस्टरला जी घाण शेतकऱ्याची वाटत होती, ती पुष्कळशी रस्त्याची होती. इंग्रजांच्या कागदांत 'वून' म्हणून येणाऱ्या आपल्या वणीचा आणि हिंगणघाटचा 'बनी' कापूस तर त्या काळी देशातल्या उत्तम कापसांत गणला जाई, लांब आणि तलम धाग्याचा. तोही याच वाटेने मळत जायचा.

चॅपमन १८४५ साली मुंबईत आला आणि १८४६ला माहितीचं गाठोडं घेऊन परत गेला. घाटावरून कोकणात माल किती उतरतो, किती चढतो, बैल किती, गाड्या किती, भाडं काय पडतं, याचे हिशेब त्याने जमवले. सह्याद्री चढायचा कुठून, हा दुसरा प्रश्न. सुरुवातीच्या आराखड्यात माळशेजची वाट होती. शेवटी रूळ गेले ते भोरघाट आणि थळघाटातून. मुंबईत रेल्वेची हवा आधीच होती. नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई ही मंडळी खटपटीत होती, त्यामुळे त्याला अगदी परकं वाटलं नसावं. लंडनला परतल्यावर रॉबर्ट स्टीफन्सनसारख्या बड्या इंजिनिअरने त्याच्या कामाला होकार भरला.

यानंतर तीन वर्षं घासाघीस. जमीन कोण देणार, व्याज किती, नफा वाटून घ्यायचा कसा, मुदत किती. शेवटी ठरलं ते असं: जमीन फुकट, मुदत नव्व्याण्णव वर्षांची आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. कमाई तेवढी झाली नाही तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून द्यायची. म्हणजे लंडनच्या भागधारकाने पैसे घालून निवांत झोपावं आणि गाडी तोट्यात गेली तर वणीच्या शेतकऱ्यानेसुद्धा साऱ्यातून त्याचं व्याज भरावं, असा मामला. पुढे गणेश व्यंकटेश जोशींसारख्या अर्थशास्त्र्यांनी याची चिरफाड केली ती योग्यच होती. खर्च आटोक्यात ठेवायचं कोणालाच कारण उरलं नव्हतं. ही हमी मिळवण्यात चॅपमनचा हात होता, हे मी लपवत नाही. वाहतुकीचा शेतकऱ्याच्या बाजूने इतका नेमका हिशेब मांडणाऱ्याने दुसऱ्या हाताने त्याच शेतकऱ्याच्या माथी हे व्याज मारलं. कंपनी काढायची तर भांडवल हवं आणि भांडवल हमीशिवाय हलत नव्हतं, एवढंच त्याचं समर्थन करता येईल.

१ ऑगस्ट १८४९ला पार्लमेंटच्या कायद्याने जीआयपी कंपनी स्थापन झाली. १७ ऑगस्टला ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. पहिला टप्पा प्रयोगादाखल, पस्तीस मैलांचा. पुढचं उद्दिष्ट मुंबई खानदेश-वऱ्हाडला जोडायचं. चॅपमनच्या गाठोड्यातलं वऱ्हाड असं करारात उतरलं. आणि करारावरची शाई वाळते न वाळते तोच कंपनीने चॅपमनला बाहेरचा रस्ता दाखवला.

कारणं फार खोलात जाण्यासारखी नाहीत. पैसा आला की पैशाची माणसं येतात. संचालक मंडळात मोठ्या घराण्यांची, पार्लमेंटच्या ओळखीची, पेढ्यांची माणसं बसली. बुडालेल्या लेसवाल्याला, घड्याळजीच्या पोराला व्यवस्थापकाच्या खुर्चीत ठेवायची त्यांना गरज उरली नाही. हिशेबावरून बेबनाव झाला, लवाद नेमला गेला आणि २,५०० पौंड देऊन त्याचा कंपनीशी संबंध संपवला. ही दुसरी खेप.

इथे मला एक समांतर चरित्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण 'इंग्रज कंपनीचा चेअरमन' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तसा माणूस त्या काळात वेगळाच होता. जॉर्ज हडसन. चॅपमनपेक्षा एक वर्षाने मोठा, यॉर्कचा कापडविक्या. एका नातलगाची मिळकत वारसाने आली, ती त्याने रेल्वेत घातली आणि बघता बघता इंग्लंडमधल्या हजारावर मैल रेल्वेचा तो धनी झाला. एकाच वेळी कितीतरी कंपन्यांचा चेअरमन, खासदार, यॉर्कचा महापौर, लंडनमध्ये वाडा. लोक त्याला 'रेल्वेचा राजा' म्हणायचे. भागधारकांच्या सभेत तो भरघोस लाभांश जाहीर करी आणि टाळ्या घेई. तो लाभांश बराचसा नव्या भांडवलातून वाटला जात होता. एकाची टोपी दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. आपल्याकडच्या चिटफंडवाल्यांना नवं काही शोधावं लागलेलं नाही. भांडं फुटलं १८४९मध्ये, जीआयपीचा करार झाला त्याच वर्षी. हडसन परदेशात पळाला, पुढे कर्जापायी यॉर्कच्या तुरुंगातही बसून आला. एवढं होऊन त्याच्यावर पुस्तकं आहेत, यॉर्कमध्ये त्याच्या नावाचा रस्ता आहे.

चॅपमनने पौंड घेतले आणि लिहायला बसला. हिंदुस्थानचा कापूस आणि व्यापार यावरचं त्याचं पुस्तक १८५१ला निघालं. ते छापलं स्ट्रँडवरच्या जॉन चॅपमनने. हा दुसराच जॉन चॅपमन. नाव सारखं असलं तरी दोघांचं नातं काही नाही. 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू' पुढे याच प्रकाशकाच्या हाती आलं आणि आपल्या चॅपमनने त्यात हिंदुस्थानच्या कारभारावर लेख लिहिले. साहित्याच्या इतिहासात प्रकाशकाला मोठी जागा आहे, कारण जॉर्ज एलियट त्याच्याकडे संपादनाचं काम करत होती. त्यामुळे आजही 'जॉन चॅपमन' शोधायला गेलं की आधी तो भेटतो. रेल्वेवाल्याला स्वतःचं नावही पुरतं स्वतःचं म्हणून मिळालं नाही. ही तिसरी खेप, आणि मी मोजायचं थांबवतो.

१६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीननंतर बोरीबंदरहून चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि तीन इंजिनं, साहिब, सिंध, सुलतान, एकवीस तोफांच्या सलामीत निघाली. नाना शंकरशेट गाडीत होते. चॅपमन लंडनमध्ये होता. बरोबर पाच आठवड्यांनी, २१ मे १८५३ला, निजामाने कर्जापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात दिलं. या दोन तारखा मी कुठल्या पुस्तकात एकाखाली एक छापलेल्या पाहिलेल्या नाहीत, पण वऱ्हाडच्या माणसाने त्या तशा लिहून बघाव्यात. ज्या मुलखाचा कापूस आणायला रेल्वे काढली, तो मुलूखही त्याच हंगामात हातात आला.

पुढच्या वर्षी लंडनमध्ये कॉलऱ्याची लाट आली. डॉक्टर जॉन स्नोने ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावला तीच. ११ सप्टेंबर १८५४ला त्या लाटेत चॅपमन गेला. वय त्रेपन्न. रेल्वे तोवर कल्याणपर्यंत आली होती. घाट अजून समोर उभा होता.

घाटाने पुढे कित्येक बळी घेतले. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले भोरघाट पुरा होण्याआधी १८६२ला इंग्लंडमध्ये वारला. घाटाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ला मुंबईत उतरला आणि काही दिवसांतच दगावला. त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल माघारी गेली नाही, तिने ठेका आपल्या नावावर घेऊन पुरा केला. १८६१च्या जानेवारीत भोरघाटात बेचाळीस हजारांवर मजूर एकावेळी राबत होते. त्यांतले किती तिथेच राहिले, त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. १८६३ला भोरघाट खुला झाला, १८६५ला थळघाट, १८६७ला गाडी नागपूरला पोचली. १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला आणि कापसाच्या बाजाराचं, तिथल्या रेल्वे फाट्याचं कौतुक झालं. चॅपमनचा हिशेब बरोबर निघाला. कापूस आता भिजत, मळत, बैलाच्या तोंडी लागत जात नव्हता.

पण हिशेबात धरलेल्या बैलांच्या मागे तांडे होते, ते हिशेबात धरलेले नव्हते. रूळ जसजसे पुढे सरकले तसतशी लदेणी बसत गेली. एका पिढीत तांडे थांबले; कोणी शेतमजूर झाले, कोणी जंगलाच्या कडेने जमीन फोडली. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी भटक्या जमातींवर गुन्हेगारीचे शिक्के मारायला सुरुवात केली, त्या तडाख्यातून बंजारेही सुटले नाहीत. याच जिल्ह्यातल्या गहुली तांड्याचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हे सांगताना माझ्या दोस्ताची आजी थांबायची आणि मग म्हणायची की आमच्याकडे आधी बैल होते.

आणि 'बनी'? रेल्वे आली, मागणी वाढली, भाव वजनावर ठरू लागला. बनी तलम खरा, पण त्यातून रुई कमी निघे. शेतकऱ्याने जास्त उतारा देणारा, 'जरी' नावाचा जाडाभरडा कापूस लावायला घेतला. तलम बनी हळूहळू मागे पडला. ज्या कापसाची वाट सुधारायला निघाले, तो कापूस वाट सुधारल्यावर टिकला नाही.

आमच्या बाजूला रूळ आले ते आणखी उशिरा. १८७०च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाट आणि मग वरोरा, तेही वरोऱ्याच्या कोळशासाठी. ती खाण १९०६ला बंद पडली. वणी वर्धा नदीच्या अलीकडे, आमचा कापूस नदी ओलांडून बैलगाडीनेच पलीकडे जायचा. माजरीहून नदी पार करून वणी-राजूरपर्यंत फाटा आला तेव्हा कारण कापसाचं नव्हतं, जमिनीखालच्या कोळशाचं होतं. खाणी पुढे १९७३ला सरकारजमा झाल्या, दोन वर्षांनी 'वेकोलि', म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी, आली. जीआयपी कंपनी तोवर इतिहासात गेली होती. १९००मध्ये सरकारने तिची रेल्वे विकत घेतली आणि १९२५ला कारभारही हाती घेतला. वणीहून आज मुंबईला थेट जायचं तर नंदीग्राम एक्सप्रेस. ती आदिलाबाद, नांदेड करत मराठवाड्यातून मनमाडला निघते. चॅपमनने मुंबई आणि वऱ्हाड जोडायची गाडी मनात आखली. आमची गाडी अकोला-अमरावतीला वळसा घालून मुंबईला जाते. माझा तरी झोपून जाण्याचा प्रवास आहे, तक्रार नाही.

मुंबईला उतरलो की मी एकदा तरी स्टेशनाबाहेर उभा राहून वर बघतो. दर्शनी भिंतीवर गोल चौकटींतून दगडी चेहरे खाली पाहत असतात. कल्ले राखलेले साहेब, नाना शंकरशेटांची पगडी, जमशेटजी. लोक धावत असतात, टॅक्सीवाले ओरडत असतात, मी मान वर करून चेहरे मोजतो. डबे मोजायची सवय. चॅपमन मला त्यात सापडलेला नाही.

शेवटचा डबा फाटकावरून गेला. मागे काळी भुकटी थोडा वेळ हवेत तरंगत राहिली. काकांनी गमछाने तोंड पुसलं. ऐकत होते की नाही, मला शंका होतीच.

"मंग त्याले पेन्शन भेटली का नाही?"

"नाही काका. लवाद बसवला, अडीच हजार पौंड एकरकमी दिले आणि मोकळे झाले."

काकांनी पायाने सायकलचं स्टँड वर मारलं.

"मनजे व्हीआरएस," ते म्हणाले. "मंग असं सांग ना."